आमची वाटचाल: कात्री, कापड आणि कॅमेरा

आमचा स्टुडिओ पुण्यात नारायण पेठेत, आणि काम फॅशन फोटोग्राफीचं, पण फोटो काढला की आमचं काम अर्धंच झालेलं असतं कारण पुढे तो मॅट पेपरवर प्रिंट करायचा, ब्लेडने कापायचा, जुने कागद, नकाशे, पंचांगाची पानं असं काय काय त्याच्याबरोबर चिकटवायचं आणि मग तो कोलाज स्कॅन करून क्लायंटला द्यायचा. सुरुवातीला बरेच जण विचारायचे की एवढा उद्योग कशाला, फोटोशॉपमध्ये होतंच की. होतं, नाही असं नाही. पण हाताने कापलेल्या कागदाला जाडी असते, कडेला बारीकशी पांढरी रेघ दिसते, सावली पडते, आणि त्याच्या शेजारी साडीचा पोत एकदम उठून येतो. आम्हाला तेच हवं होतं.

आई ब्लाउज शिवायची त्यामुळे कापड बेतणं, अस्तर, दोऱ्याचा रंग जुळवणं हे सगळं घरातच बघितलेलं. नंतर पुण्यातच अभिनव कला महाविद्यालयात कमर्शियल आर्ट केलं आणि काही वर्षं कॅटलॉगच्या शूटवर असिस्टंट म्हणून राबले. तिकडे पांढरं बॅकग्राउंड, ठरलेल्या पोझ, एका दिवसात ढीगभर साड्या, आणि संध्याकाळपर्यंत कोणती साडी कोणती हेच कळेनासं व्हायचं. टेस्ट प्रिंट रद्दीत जायचे ते मी घरी आणून कापायला लागले. कर्वेनगरच्या एका बुटीकवाल्या ताईंनी ते बघितले आणि म्हणाल्या, माझ्या खणाच्या ब्लाउजचं असंच करून दे. तिथून सुरू झालं. नवरा तेव्हा नोकरीत होता, आता तो लाइट, स्कॅनिंग आणि हिशोब सगळं बघतो.

ही काही आमची नवीन आयडिया नाही बरं का. बर्लिनची चित्रकार हाना होख १९१६ पासून दहा वर्षं एका मोठ्या प्रकाशनगृहात बायकांच्या मासिकांसाठी भरतकाम आणि लेसचे नमुने काढायची आणि त्याच काळात छापील फोटो कापून फोटोमोंटाज करायची. एर्विन ब्लुमेनफेल्डही बर्लिनचाच, तरुणपणी ‘दादा’ नावाच्या, पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या बंडखोर कलाचळवळीच्या वळणाचे कोलाज केले, ॲम्स्टरडॅममध्ये चामड्याच्या पर्सचं दुकान चालवलं, मग पॅरिस आणि न्यूयॉर्कला जाऊन फॅशन फोटोग्राफर झाला. जानेवारी १९५० च्या व्होग या फॅशन मासिकाचं त्याचं कव्हर जरूर शोधून बघा, एक डोळा, ओठ आणि तीळ, बाकी चेहरा गायब! आणि आपल्याकडे तर रविवर्मा प्रेसच्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरींना लोक खरं कापड, जर, टिकल्या चिकटवून साडी नेसवायचे. छापील चित्र आणि खरं कापड एका फ्रेममध्ये, मला तर हे आपलं घरचंच काम वाटतं.

आमचा नियम एकच, कापडाला धक्का लावायचा नाही. कात्री चेहऱ्यावरून जाऊदे, हात वेगळा होऊदे, मागे आख्खी पेठ उलटी उभी राहूदे, पण काठ-पदर आणि रंग आहे तसाच दिसला पाहिजे कारण बघणारी बाई ती साडी घेणार आहे. मध्ये एका इरकलीचं काम केलं. इरकलीत साडीच्या अंगाचे उभे धागे आणि पदराचे उभे धागे फासे घालून एकमेकांत अडकवतात, आणि तो जोडच दाखवायचा असं आम्ही ठरवलं. मॉडेलचा फोटो बरोब्बर त्या रेषेवर फाडला, कापला नाही, हाताने फाडला, म्हणजे कागदाचे तंतू बाहेर आले, आणि खाली पदराचा क्लोजअप एवढा मोठा ठेवला की लाल-पांढरी नक्षी धागान् धागा मोजता येईल. बुटीकवाल्या ताई बराच वेळ त्याच्याकडे बघत होत्या, मग म्हणाल्या की हे विणणाऱ्यांना पाठवते. मला त्या कामाचा फार अभिमान आहे.

कामाची पद्धत विचाराल तर शूटला एकच लाइट, डावीकडून, सगळ्या फ्रेमना तोच, नाहीतर तुकडे जोडल्यावर सावल्या भांडतात. पहिल्या फ्रेममध्ये कलर चेकर, म्हणजे रंग जुळवायला ठरावीक रंगांच्या चौकोनांचं कार्ड. कापायला ११ नंबरचं सर्जिकल ब्लेड, ते बोथट व्हायच्या आधीच बदलायचं कारण बोथट ब्लेड कागद ओढतं आणि काठाची बारीक बुट्टी गेली की गेलीच. पाणी घातलेल्या फेविकॉलने पातळ कागद फुगतो, म्हणून त्याला मैद्याची घट्ट खळ आणि वर रात्रभर वजन.

कागद जुन्या बाजारातून आणि रद्दीवाल्यांकडून येतो, बेस बऱ्याचदा शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा, १९४० पासूनची आहे ती, आणि त्या कागदाच्या कडा मला कापवतच नाहीत. पण जुन्या मासिकातला फोटो दिसला की उचलला असं करत नाही. आपल्या कायद्यात आधी छापलेल्या फोटोवर ६० वर्षं हक्क असायचा, २०१२ च्या दुरुस्तीपासून तो फोटोग्राफरच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो, त्यामुळे फोटो कोणाचा आणि मासिक कोणत्या सालचं हे बघितल्याशिवाय ते पान टेबलावर येत नाही. नवीन करणाऱ्यांनो, हे खरंच सांभाळा, दुसऱ्याचा फोटो ही पण कोणाची तरी मेहनतच आहे.

आता एआयने करून द्या, स्वस्तात होईल असंही विचारतात. आम्ही नाही म्हणतो. पैठणीच्या पदरावरचा मोर विणकराने जसा विणला तसाच पाहिजे, अंदाजाने काढलेला मोर दाखवून साडी विकणं मला जमणार नाही.

सध्या खणाची एक मोठी सिरीज चालू आहे, परकर-पोलक्यापासून ते आताच्या जॅकेटपर्यंत. दिवाळीच्या कलेक्शनसाठी काम हवं असेल तर कपडे गणपतीच्या आधी पोचवा, इस्त्री न करता चालतील पण घडीचे डाग काढून द्या, आणि सोबत त्याच कापडाचा वीतभर तुकडा नक्की ठेवा, रंग जुळवायला तो लागतोच.