आमची वाटचाल : गेट-ग्रीलपासून सायलेन्सरपर्यंत

२००९ साली नाशिक जिल्ह्यातल्या पिंपळगाव बसवंतजवळ रस्त्याकडेला आम्ही पत्र्याची शेड टाकली. बोर्ड रंगवला : 'गेट, ग्रील, शटर व शेती अवजारे'. अवजारे म्हणजे काय, तर नांगराचे फाळ आणि ट्रॉलीचे तुटलेले हुक. सायलेन्सरचं नाव त्या बोर्डावर आजही नाही. पण छाटणीच्या आधी शेडसमोर उभे असलेले छोटे ट्रॅक्टर कशासाठी आलेत, ते विचारायची गरज पडत नाही : सायलेन्सरचा धूर ड्रायव्हरच्या तोंडापासून दूर वळवून घ्यायला.

सुरुवात मामांपासून झाली. त्यांची द्राक्षबाग मांडवाची. मांडवाखाली उभा सायलेन्सर चालत नाही, तारेला अडकतो आणि नवी फूट भाजते. म्हणून त्यांच्या २२ एचपीच्या ट्रॅक्टरला तो बॉनेटच्या बाजूला आडवा होता, तोंड उजव्या पायाच्या जरा पुढं. त्या वर्षी गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या ऑक्टोबर छाटणीनंतर, पाऊस लागला. डाऊनी या बुरशीरोगाच्या धास्तीनं रात्री-अपरात्री ट्रॅक्टरमागचा औषध फवारायचा ब्लोअर सुरू. वर पानांचं छत, वारा नाही, धूर जाणार कुठं? मामा पहाटे घरी आले की डोकं धरून ओट्यावर बसायचे. जो तो म्हणे, औषध बाधलं. मामी मात्र म्हणाल्या, "परवा नुसता रोटर मारला तेव्हाही डोकं दुखलंच की यांचं. तेव्हा कुठं होतं औषध?" आणि मामांचा नाकाला बांधायचा रुमाल पुढ्यात टाकला. मधोमध काळा गोल डाग.

मी वेल्डर माणूस. वाटलं, पाइप लांबवला की संपलं. सीटच्या मागं नेऊन सोडला. धूर ब्लोअरच्या टाकीवर आपटून वर आला तो थेट मामांच्या मानेवर. मग पुढं, जाळीपाशी काढला. हा तर शुद्ध गाढवपणा होता. रेडिएटरचा पंखा समोरची हवा ओढून मागं फेकतो, म्हणजे मी धूर पंख्याच्या हातात देऊन ड्रायव्हरकडं पाठवत होतो. तिसऱ्यांदा सरळ बाजूला काढला. धूर खरंच कमी झाला, पण दोन ओळी होईस्तोवर ठिबकची १६ एमएमची नळी चार ठिकाणी वितळली. मामा म्हणाले, "भाच्या, धूर परवडला, ही नळी नको."

पाइप टाकायच्या आधी हवा बघायला हवी, हे तेव्हा डोक्यात शिरलं. मामींकडून लोकर आणली, वीत-वीत तुकडे स्टिअरिंगला, मडगार्डला, पायदानाला, खाली गिअरबॉक्सला चिकटवले आणि ट्रॅक्टर बागेत नेला. बॉनेटच्या दोन्ही अंगांचे धागे सरळ सीटकडं ताणलेले. गिअरबॉक्सच्या पोटाखालचे तेवढे लोंबत होते. मग पाइप तिथं नेला. मागच्या आसाच्या थोडा अलीकडं संपवला, तोंड ठोकून चपटं केलं, म्हणजे धूर पसरून खाली राहतो आणि तो वर येईस्तोवर ट्रॅक्टर पुढं गेलेला असतो. आठ दिवसांनी मामींनी रुमाल दाखवला. मळका होता, पण काळा नव्हता.

मग शेजारच्या बागा आल्या, मग शेजारची गावं. तरी खरा रेटा लॉकडाऊनमध्ये आला. २०२० च्या मार्चअखेरीस गेट-ग्रीलची कामं झटक्यात थांबली, शेती अवजारांच्या दुरुस्तीला मात्र पुढं सूट मिळाली. त्या चार महिन्यांत आम्ही जगलो ते या पाइपांवर.

कामातली खोच सांगतो, लपवण्यासारखं काही नाही. पाइप मूळ मापापेक्षा बारीक कधीच नाही. लांबी वाढली तर उलट एक माप मोठा. धुराला मागं दाब आला की इंजिन गुदमरतं, तापतं आणि आणखी काळं ओकतं. वळणं शक्यतो दोनच, तीही मोठी. पाइपात कोरडी वाळू ठासून, तापवून वाकवायचा, नाहीतर वळणावर तो चेपतो. ब्रॅकेट गिअरबॉक्सच्या बोल्टावर, पायदानाच्या पत्र्यावर नाही. पत्र्यावरचा टाका थरथरीनं महिन्यात सुटतो. डिझेलची नळी आणि वायरिंग हातभर लांब. पायाजवळ काचतंतूची पट्टी गुंडाळतो, अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी दुकानात ठेवतच नाही. सगळ्यात नको वाटणारं काम म्हणजे मॅनिफोल्डचे, म्हणजे इंजिनातून धूर जिथून बाहेर पडतो त्या भागाचे, गंजलेले स्टड (बोल्ट). आदल्या रात्री तेल सोडूनही एखादा तुटतोच, आणि तो ड्रिलनं काढताना दिवस जातो. त्याचे पैसे मागायला अजूनही जीभ रेटत नाही.

वॉरंटीतल्या ट्रॅक्टरला आम्ही हात लावत नाही. काळा धूर ओकणारा आला तर आधी एअर फिल्टर आणि नोझल बघून घ्या म्हणतो; रोग इंजिनात असताना नुसती दिशा बदलून काय होणार? काही जण हसतात, "डिझेलच्या धुरानं कोण मेलंय?" २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं हा धूर कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकला, हे त्यांना सांगतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नसतो. आणि आमचा पाइप बसवला म्हणून टाकी भरताना ट्रॅक्टर चालू ठेवून शेजारी उभं राहू नका. उभ्या ट्रॅक्टरचा धूर वर येणारच.

रस्त्यावर ट्रॉली ओढणाऱ्यांना उभाच सायलेन्सर बरा. त्यांच्यासाठी तीन बोल्टांची फ्लँज (पाइप जोडायची चकती) केली, बागेचा पाइप काढून रस्त्याचा लावायचा. पहिल्या लॉटचं पॅकिंग उडालं, सगळ्यांना फुकट बदलून दिलं.

सध्या अडलंय ते फोर व्हील ड्राइव्हपाशी. बागेत आता बहुतेक तेच येतात आणि पुढच्या चाकांचा शाफ्ट नेमका पोटाखालून जातो, आमच्या पाइपाच्या जागेतून. शाफ्टच्या बाजूनं काढावा तर तोंड पुन्हा ठिबककडं वळतं. तीन नमुने करून झाले, तिन्ही शेडच्या भिंतीला टेकवून ठेवलेत. मामा परवा येऊन बघून गेले आणि जाताना म्हणाले, लोकर लागली तर सांग.