झिरकोनियातल्या रिकाम्या जागा आणि 8 टक्क्यांचं गणित

बीएस-6 मोटरसायकलच्या सायलेन्सरच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर असतो. त्याच्या पोटात सहसा इट्रिया (इट्रियमचा ऑक्साइड) मिसळलेली झिरकोनिया (झिरकोनियमचा ऑक्साइड) असते. नुसती झिरकोनिया विजेच्या दृष्टीने जवळपास निरुपयोगी. वर भट्टीतून थंड होताना तिची स्फटिकरचना बदलते, ती फुगते आणि पेलेट, म्हणजे दाबून बनवलेली चकती, तडकतो.

इट्रिया घातली की दोन्ही दुखणी जातात. झिरकोनियमवर भार +4, इट्रियमवर +3. दोन झिरकोनियमच्या जागी दोन इट्रियम बसले की दोन धनभार कमी पडतात, म्हणून एक ऑक्सिजन आयन गैरहजर राहतो. शेजारचा आयन त्या रिकाम्या जागेत सरकतो, त्याच्या जागी त्याच्या पलीकडचा. वीज वाहते ती अशी. 8 मोल टक्के (वजनाने नव्हे, रेणूंच्या संख्येने मोजलेले टक्के) इट्रियात ऑक्सिजनच्या 216 जागांपैकी 8 रिकाम्या असतात.

मग 12 टक्के घालावी? वाहकता उलट घटते. रिकाम्या जागा वाढल्या की त्या इट्रियमच्या आसपास अडकून पडतात आणि उडीला जास्त ऊर्जा लागते.

सगळ्यात जास्त घोळ वजन करताना होतो. 8 मोल टक्के म्हणजे 100 ग्रॅममध्ये 13.75 ग्रॅम इट्रिया. कुणी सरळ 8 ग्रॅम घेतली, तर प्रत्यक्षात साडेचार मोल टक्केच जाते. नमुना मजबूत होतो, पण वाहकता कमी येते आणि दोष बिचाऱ्या भट्टीला दिला जातो. इट्रिया हवेतली ओल धरते, म्हणून आधी 1000 अंशांवर भाजून मगच तोलावी.

दुसरा चोर सिलिका. ॲगेटचा (अकीक दगडाचा) खल म्हणजे सिलिकाच! कणांच्या सीमांवर तिचा काचेसारखा पातळ थर बसतो आणि आयनांची वाट अडते. दळायला झिरकोनियाच्याच गोळ्या वापराव्यात. इम्पीडन्सचा (वेगवेगळ्या वारंवारितेच्या विजेला होणाऱ्या विरोधाचा) आलेख 300 ते 500 अंशांदरम्यान काढला, तर कणांचा आणि सीमांचा कंस, म्हणजे आलेखातली कमान, वेगळा दिसतो. सीमांचा कंस फुगलेला असेल तर आधी सिलिकावर संशय घ्यावा.

1000 अंशांवर वाहकता सेंटिमीटरला साधारण 0.1 सीमेन्स. 10 मिलिमीटर व्यासाच्या, 2 मिलिमीटर जाड चकतीचा रोध मग जेमतेम अडीच ओहम येतो. तारांचाच रोध ओहमभर असेल तर दोन तारांनी मोजलेला आकडा फसवा. तिथे चार तारांचीच जोडणी (दोन तारा वीज सोडायला, दोन व्होल्टेज मोजायला) हवी.