मर्यादा आकड्यांत लिहिलेला परवाना हवा

तुरीच्या हंगामात आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या आवारात गाडी काट्यावर चढली की वजन थेट संगणकात नोंदवले जाते आणि शेतकऱ्याच्या हाती पावती पडते. या व्यवस्थेतील टोकनांची रांग रेडिस हे डेटाबेस सॉफ्टवेअर सांभाळते. मार्च २०२४ मध्ये रेडिसने कोड कोणालाही, अगदी धंद्यासाठीही, वापरू देणारा आपला मोकळा बीएसडी परवाना सोडला, तेव्हा आमचे काही अडले नाही, कारण नवा निर्बंध मुख्यतः तेच सॉफ्टवेअर सेवा म्हणून विकणाऱ्या क्लाउड कंपन्यांसाठी होता. कोड लिहिणाऱ्याच्या पदरात चिमूटभर आणि तो भाड्याने देणाऱ्याच्या पदरात घबाड, हे मलाही न्याय्य वाटत नाही.

माझा आक्षेप अशा परवान्यांतील अटींच्या मोघमपणाला आहे. मोंगोडीबी या डेटाबेस कंपनीने २०१८ मध्ये आणलेल्या एसएसपीएल (सर्व्हर साइड पब्लिक लायसन्स) परवान्यानुसार तिचा डेटाबेस सेवा म्हणून इतरांना दिला, तर ती सेवा चालवणारे सगळे सॉफ्टवेअर, अगदी देखरेखीच्या आणि बॅकअपच्या प्रोग्रामसह, कोडसकट सर्वांना खुले करावे लागते. असा डेटाबेस वापरून उद्या शेजारच्या तालुक्यातील कंपन्यांचे हिशेब आम्ही आमच्या सर्व्हरवर ठेवले, तर ती सेवा ठरेल का? बहुधा नाही; पण हे खात्रीने सांगायला वकील लागतो, आणि तसा वकील नागपुरातही सहज सापडणार नाही.

आपल्याकडे निस्तार हक्क आहेत. सरपण, चराई, अवजारांचे लाकूड यांपैकी गावकऱ्याला घरापुरते काय घेता येईल, हे निस्तार पत्रकात लिहिलेले असते आणि १९६६ च्या जमीन महसूल संहितेने त्याला आधार दिला आहे. परवान्यातही तशीच नेमकी नोंद हवी.

ओपन सोर्सची, म्हणजे सर्वांना खुल्या असलेल्या कोडची, व्याख्या लिहिणाऱ्या ब्रूस पेरेन्स यांच्या ‘पोस्ट-ओपन’ प्रस्तावात पन्नास लाख डॉलरहून अधिक वार्षिक उत्पन्न असलेल्यांकडून १ टक्का घेण्याची कल्पना आहे; तो आकडा आमच्या लेखापालालाही तपासता येतो. सेंट्री या सॉफ्टवेअर कंपनीने २०२३ मध्ये आणलेल्या फंक्शनल सोर्स परवान्यात ‘स्पर्धक वापरा’ला मनाई आहे आणि हा शब्दप्रयोग मोघमच आहे, पण प्रत्येक आवृत्ती दोन वर्षांनी आपोआप अपाची किंवा एमआयटी या मोकळ्या परवान्याखाली येते, त्यामुळे शंकेलाही मुदत असते. बिझनेस सोर्स परवान्यात ही मुदत चार वर्षांपर्यंत जाऊ शकते, आणि आमच्यासारख्यांसाठी ती फार लांब आहे.

काट्याचा प्रोग्राम आमच्या गावातील मुलांनी लिहिला आहे. तो इतर कंपन्यांना देताना दोन वर्षांची मुदत घालायची, हे ठरले आहे; किती रुपयांच्या उलाढालीपासून शुल्क घ्यायचे, यावर संचालक मंडळात अजून एकमत झालेले नाही.