बासच्या डब्यातलं मरळीला काय चालतं

लार्जमाउथ बास हा मासा आपल्याकडच्या तळ्यांत नाही. तरी नागपुरातल्या कुठल्याही हौशी गळवाल्याचा डबा उघडून पाहा, आतलं बहुतेक सामान बाससाठीच बनलेलं निघेल. रबरी गांडुळं, फिरत्या पात्याचे स्पिनरबेट, पोटात शिशाच्या गोळ्या खुळखुळणारे माशाच्या आकाराचे क्रँकबेट, अशी नकली आमिषं आणि सहा-सात फुटी कार्बन रॉड. अमेरिकेत या एका माशाभोवती अख्खा धंदा उभा आहे आणि जगभरचे गळवाले त्याच दुकानातून खरेदी करतात. थायलंड-मलेशियाकडे मरळ या शिकारी माशासाठी खास रबरी बेडूक बनतात ते वेगळं. आपल्याकडे मात्र व्हिडिओ बासचे, सामान बासचं आणि तळ्यात मरळ, असा कारभार आहे.

माझा भाचा हिंगण्याला इंजिनिअरिंगला आहे. बासबद्दल जेवढं बसल्या जागी कळतं तेवढं त्याला सगळं कळतं. दिवाळीच्या आधीच्या रविवारी मी त्याला म्हटलं, चल, तुझा डबा घे, रामटेककडे जाऊ.

पहाटे अंधारात निघालो. ऑटोमोटिव्ह चौक, कामठी, मग कन्हानचा पूल. पुलावर धुकं होतं, म्हणून काच खाली केली तर कोळशाचा वास आत आला. मनसरला चहा घेतला. तिथून उजवीकडे वळलं की गडावरच्या देवळांची कळसं दिसायला लागतात. रामटेकच्या पुढे खिंडसी. तिथे बोटिंग, मक्याची कणसं, सेल्फी, सगळं आहे; गळ टाकायला निवांतपणा तेवढा नाही. तोतलाडोहचं नाव तर काढायचंच नाही. तो जलाशय व्याघ्र प्रकल्पात येतो आणि तिथे मासेमारी बंद आहे. दरवेळी कोणीतरी विचारतंच, म्हणून सांगून ठेवतो.

आम्हाला जायचं होतं एका मामा तलावावर. मामा म्हणजे माजी मालगुजारी. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात असे हजारो तलाव आहेत. त्यातले कितीतरी गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी धानाच्या शेतीसाठी बांधले. जमिनीचा उतार ओळखून मातीची पाळ घातली, सांडवा काढला, की झालं. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी गावच्या ढीवर समाजाच्या मच्छीमार सोसायटीकडे आला. त्यामुळे असल्या तलावावर जायचं तर आधी सोसायटीला विचारायचं. बोटुकलं, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं, त्यांनी विकत आणून सोडलेली असतात. तुमची हौस त्यांच्या पोटावरून जाता कामा नये. मी आदल्या दिवशी फोन केला होता. रोहू-कतला लागला तर सोडायचा, मरळ लागली तर एखादी ठेवा, असं ठरलं होतं.

पाळीवर पोचलो तेव्हा उजाडत होतं. काठाला बेशरमाची झुडपं, पुढे कमळाची पानं, आणि तलावाच्या एका अंगाला दोऱ्या बांधून आखलेला शिंगाड्याचा मळा. पानांवरून कमळपक्षी चालत होते. एक ढीवर काका डोंगा घेऊन शिंगाडे तोडायला निघाले होते. त्यांनी आमच्या रॉडकडे पाहिलं, मग भाच्याच्या डब्याकडे.

"एवढ्या मासोळ्या त तलावात नाई जी, जेवढ्या तुमच्या डब्यात हायेत."

भाचा हसला आणि त्याने लगेच क्रँकबेट बांधलं. मी काही बोललो नाही. क्रँकबेटला पोटाखाली आणि शेपटीला तीन-तीन टोकांचे गळ असतात. उघड्या पाण्यात, खडकाळ काठाला, पुलाच्या खांबाजवळ ते जबरदस्त चालतं. पुढची जीभ पाण्याला अडते, डोकं खाली जातं, शेपूट थरथरते. पण कमळाच्या देठांत? पहिल्याच फेकीला देठ, दुसऱ्या फेकीला देठ, तिसऱ्या फेकीला शिंगाड्याची दोरी. काकांनी डोंगा वळवून स्वतः सोडवून दिलं. डब्यातलं सगळ्यात महाग सामान तेच होतं.

इथे एक गोष्ट समजून घ्यावी लागते, बाकीचं तिच्यातूनच येतं. बास कल्ल्यांनी श्वास घेतो, त्यामुळे त्याला वर यायची गरज नाही. बासवाला म्हणून तळ वाचतो: बुडालेलं झाड, उतार, खोल-उथळ यांची सीमा, आणि आता तर बोटीवर सोनारचे, म्हणजे आवाजाच्या लहरींनी तळ आणि मासे दाखवणाऱ्या यंत्राचे, दोन-दोन पडदे. मरळीचं तसं नाही. तिच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा घ्यायची पोकळी असते आणि तिला थोड्या-थोड्या वेळाने पृष्ठभागावर येऊन तोंडभर हवा घ्यावीच लागते. नाही घेतली तर पाण्यात असूनही ती गुदमरेल. म्हणूनच बाजारात ती टबात जिवंत मिळते आणि चढ्या भावाने विकली जाते. गळवाल्याच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच, की मरळ स्वतःचा पत्ता स्वतः सांगते. सोनार नको. पाळीवर शांत बसायचं आणि पाणी पाहायचं.

भाच्याला हे पटेना. "मामा, वेळ चाललाय ना आपला." त्याला बसवून ठेवायला मला चहाचा थर्मास काढावा लागला.

मग काकांनीच डोंग्यातून हात केला. "तिकडं पाहा जी, दम घ्याले वर आली थे." पानांच्या मधल्या बशीएवढ्या मोकळ्या पाण्यात एक वर्तुळ उठून विरत होतं. रोहू उडी मारतो तेव्हा पाणी शिंतडतं. मरळ हवा घेते तेव्हा ‘गप्प’ असा बारीक, भरीव आवाज येतो आणि वर्तुळ जागच्या जागी राहतं. दहा-पंधरा मिनिटं तेवढाच एक पट्टा पाहत राहिलं तर ती साधारण कुठे आहे ते कळतं.

आता सामान. बासच्या डब्यातलं जे मरळीला खरंच लागू पडतं त्यात पहिला नंबर पोकळ रबरी बेडकाचा, म्हणजे हॉलो बॉडी फ्रॉगचा. याचे दोन्ही गळ वर वळलेले आणि पाठीला चिकटलेले असतात, म्हणून तो पानांवरून सरकतो आणि अडकत नाही. मासा चावला की पोकळ अंग दबतं आणि गळ उघडे पडतात. अमेरिकेत हा शेवाळाच्या थरावर बाससाठी वापरतात. काम तेच, फक्त तोंड वेगळं. नवा बेडूक आणला की मी त्याचे पाय कात्रीने थोडे आखूड करतो आणि दोन्ही गळ पक्कडीने किंचित बाहेर वाकवतो. गळ चुकण्याचं प्रमाण यानेच कमी होतं. दुकानदार हे सांगत नाहीत.

दुसरं, दोरा. इथे मी कोणाचं ऐकत नाही: ब्रेड, म्हणजे विणलेला दोरा, चाळीस ते पन्नास पौंडी. फ्लुरोकार्बन पाण्यात दिसत नाही म्हणून बासवाले त्याच्यावर जीव टाकतात, पण तो बुडतो आणि वर चालणाऱ्या बेडकाचं नाक खाली ओढतो. मोनो, म्हणजे साधा एकपदरी नायलॉन, ताणला जातो. तीस फुटांवर मासा चावला आणि तुम्ही गळ रुतवायला रॉड मारला, म्हणजे झटका दिला, की अर्धा जोर दोऱ्यातच मुरतो. ब्रेड ताणत नाही, शिवाय कमळाचा देठ कापतो. रंगावरून जे भांडणं करतात त्यांनी करावीत. पानांच्या वर पडलेला दोरा मरळीला दिसतच नाही. गाठ पॅलोमार, दुपदरी दोऱ्याची. ब्रेड निसरडा असतो, साध्या गाठी त्याच्यावर घसरतात.

तिसरं, रॉड. मीडियम हेवी, साडेसहा ते सात फूट, टोक चपळ. रील बेटकास्टर, म्हणजे फेकताना स्पूल स्वतः फिरतो ते, असेल तर उत्तम, पण ज्याचा अंगठा अजून तयार नाही त्याने सरळ स्पिनिंग रील घ्यावं. बेटकास्टरमध्ये आमिष पाण्यावर टेकायच्या क्षणी स्पूल अंगठ्याने थांबवावा लागतो, नाहीतर दोऱ्याचा असा गुंता होतो की सकाळ त्याच्यातच जाते. रोज संध्याकाळी गच्चीवर बादलीत नेम धरून फेकायचं, दुसरा उपाय नाही.

मी बेडूक त्या मोकळ्या जागेच्या पाच-सहा फूट पलीकडे टाकला आणि पानांवरून हळू सरकवत आणला. मोकळ्यात आला की थांबवला. इथेच सगळे घाई करतात. दोरा ढिला ठेवून रॉडच्या टोकाने दोन बारीक ठोके द्यायचे, पुन्हा थांबायचं. पाणी फुगलं, पान बाजूला झालं आणि बेडूक नाहीसा झाला.

"मार मामा!" भाचा ओरडला.

मारायचं नाही. बास आमिष पाण्यासकट आत ओढतो. मरळ आधी दातांनी धरते, खाली वळते आणि मग गिळते. चावल्याबरोबर रॉड मारला तर बेडूक पिचकारीसारखा परत तुमच्या छातीवर येतो. दोन आकडे मोजायचे, दोरा ताणला गेला की मग दोन्ही हातांनी, दया न करता. नंतर ढील द्यायची नाही, कारण ती देठांच्या गुंत्यात शिरली की संपलं. जड रॉड मासा मोठा म्हणून लागत नाही, झाडी दाट म्हणून लागतो.

सव्वा-दीड किलोची असेल. भाचा तिला उचलायला अंगठा तोंडात घालणार होता, व्हिडिओत बास तसाच धरतात. बासच्या तोंडात खरखरीत कागदासारखे बारीक दात असतात, अंगठा सुखरूप राहतो. मरळीचे दात खरे दात आहेत. मी त्याचा हात झटकला आणि लिप ग्रिप, म्हणजे ओठ पकडायचा चिमटा, लावली. काका डोंगा जवळ घेऊन आले आणि बेडूक हातात घेऊन दाबून पाहिला. "प्लास्टिकचा बेंडूक खाते म्हणजे मरळ बी आता शहरातली झाली."

त्यानंतर भाच्याने टेक्सास रिग लावली, आणि ही मात्र त्याची योग्य निवड होती. रबरी गांडुळाच्या अंगातच गळाचं टोक लपवायचं, पुढे बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं वजन. पानांच्या काठाला, जिथे बेडकाकडे मासा फिरकत नाही, तिथे हे सरळ खाली जातं आणि अडकत नाही. ऊन चढल्यावर मरळ सावलीत दबते तेव्हा मी पण हेच लावतो. त्याला एक लागली, देठात शिरली, सुटली. मग लागली ती आली. त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता.

साडेनऊच्या सुमाराला सांडव्याच्या बाजूला आम्ही थांबलो. पाण्यावर नारिंगी-लाल ठिपक्यांचा एक दाट पुंजका हळूहळू सरकत होता, सगळा एकदम खाली जायचा, एकदम वर यायचा. मरळीची पिल्लं. खाली नर-मादी राखण करत असतात आणि या पुंजक्यावर जे काही पडेल त्याच्यावर तुटून पडतात. भूक म्हणून नाही, पिल्लांच्या रक्षणासाठी. तिथे मासा मिळवणं अगदी सोपं आहे, त्यात कौशल्य काही नाही. काही जण तेच करतात आणि फोटो टाकतात. राखणदार गेला की तो पुंजका बगळे, खंड्या आणि इतर मासे मिळून संपवतात. बासमध्येही नर घरटं राखतो आणि घरट्यावरच्या नराला गळ टाकावा की नाही यावर अमेरिकेतले लोक वर्षानुवर्षं वाद घालत आहेत. माझ्यापुरता वाद नाही. पावसाळ्यात आणि त्यानंतर असा पुंजका दिसला की रॉड आवरायचा. भाच्यानेही न सांगता आवरला.

परतताना रामटेकला तर्री-पोहे खाल्ले. भाच्याने विक्रमांचा विषय काढला. १९३२ साली जॉर्जियात जॉर्ज पेरीने २२ पौंड ४ औंसांचा बास धरला, आणि २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता याने त्याच्याशी बरोबरी केली. म्हणजे दहा किलोंच्या वर! मला त्यातली दुसरीच गोष्ट आवडते. पेरीच्या घरच्यांनी तो मासा खाऊन टाकला. आणि बास हा जपानचा मासाच नाही. १९२५ मध्ये तो तिथे आशी सरोवरात आणून सोडला, आणि आता बिवाच्या प्रांतात धरलेला बास परत पाण्यात सोडायला कायद्याने बंदी आहे, कारण त्याने तिथले मासे खाल्ले. उलट आपल्या शेजारच्या तेलंगणाने मरळीला राज्यमासा केलंय.

"मग आपल्याकडे बास आणून सोडला तर?" भाच्याने विचारलं.

मी म्हटलं, ढीवर काकांना विचार, त्यांची बोटुकलं कोण खाईल ते ते सांगतील.

गाडीत त्याने डबा उघडून क्रँकबेटं वेगळी काढली आणि विकायला निघाला. मी अडवलं. वैनगंगेवर खडकाळ काठाला, उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर, शिवडा हा मोठा शिकारी मासा याच क्रँकबेटवर येतो. फक्त त्याचे कारखान्याचे गळ काढून एकेरी, जाड गळ लावायचे, कारण शिवड्याचा जबडा बासच्या गळाला सरळ करून टाकतो. तेवढी दोन त्याने ठेवली. बाकीच्यांची किंमत ठरवताना कामठी आलं.