सी ड्राइव्ह लाल झाला म्हणून

सांगलीत विश्रामबागेत माझं लॅपटॉप रिपेअरिंगचं दुकान आहे. रोजचं काम म्हणजे तुटलेल्या चार्जिंग पिना, कीबोर्डवर सांडलेला चहा आणि "विंडोज मारून द्या". विंडोजच्या आत लिनक्स, म्हणजे दुसरीच ऑपरेटिंग सिस्टिम, चालवणारं गिऱ्हाईक क्वचित येतं, आलं तर इंजिनिअरिंगचं पोरगं असतं आणि सबमिशन उद्यावर आलेलं असतं, हे ठरलेलंच.

ही तासगावकडची पोरगी, बरोबर वडील, द्राक्षबागायतदार माणूस. लॅपटॉप पोरीचा, पण बेदाण्याचे हिशोब आणि बागेचे हजारो फोटो वडिलांचे. पोरीचा फायनल इयरचा अख्खा प्रोजेक्ट उबुंटूत, म्हणजे लिनक्सच्याच एका प्रकारात, आणि सकाळपासून उबुंटू उघडतच नव्हता, काळी खिडकी यायची, एरर ०एक्स८०३७०१०२ दाखवायची, संपलं. हॉस्टेलवरच्या कुणीतरी सांगितलं होतं, अनरजिस्टर कर आणि नवीन टाक. म्हणाली, "दादा, कमांड टाइप केली होती, एंटर नाही मारलं, भ्या वाटलं."

मी म्हटलं बरं झालं बाई. विंडोजमध्ये लिनक्स चालवायची जी सोय आहे, डब्ल्यूएसएल, तिची अनरजिस्टर कमांड म्हणजे ॲप काढणं नव्हे, त्यात उबुंटूची डिस्कच उडते, रिसायकल बिन नाही, "नक्की का?" असं विचारतसुद्धा नाही. २०१६ ला डब्ल्यूएसएलचं पहिलं व्हर्जन आलं तेव्हा ते लिनक्सच्या हाका विंडोजला समजतील अशा करून द्यायचं, २०२० ला दुसरं आलं त्यात खराखुरा लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, एका छोट्या व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या नकली कॉम्प्युटरमध्ये, चालतो, आणि उबुंटूमधलं सगळं, पोरीच्या कोडसकट, सी ड्राइव्हवर ॲपडेटाच्या आत खोल कुठंतरी ईएक्सटी४ डॉट व्हीएचडीएक्स नावाच्या एकाच फाइलीत बसतं. हे पोरांना कॉलेजात कोण सांगत नाही, कमांडा तेवढ्या पाठ करून घेतात.

एररमध्ये लिहिलेलं असतं की बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या मशीनच्या सेटिंगमध्ये, व्हर्च्युअलायझेशन (असा नकली कॉम्प्युटर चालवायची प्रोसेसरची सोय) चालू आहे का बघा. म्हणून सगळे बायोसच्याच मागं लागतात. मी आधी टास्क मॅनेजर उघडतो, परफॉर्मन्समध्ये सीपीयूखाली बघायचं, तिथं व्हर्च्युअलायझेशन एनेबल्ड दिसलं म्हणजे बायोसचा विषय संपला. मग सिस्टिमइन्फो कमांड. हायपरव्हायझर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारा विंडोजचा भाग, चालू असेल तर शेवटी एकच वाक्य येतं, हायपरव्हायझर सापडलाय म्हणून, आणि नसेल तर अटींची चार ओळींची यादी येते. इथं यादी आली, चारही ओळींपुढं येस. म्हणजे मशीन तयार, गडबड विंडोजच्या बाजूला, हायपरव्हायझर चालूच होत नाही. बूटची सेटिंग दाखवणारी बीसीडीएडिट कमांड मारून बघितलं, हायपरव्हायझर लाँच टाइप ऑफ. हे सहसा आपोआप होत नाही ओ, कुणीतरी किंवा एखाद्या स्क्रिप्टनं केलेलं असतं.

वडील म्हणाले, "लई स्लो चालत होता, म्हणून एकाकडनं स्पीड वाढवून घेतला की." आमच्या लाइनीत हा एक धंदाच झालाय, व्हिडिओत बघितलेली स्क्रिप्ट चालवायची, दिसेल ते बंद करायचं, पैसे घ्यायचे आणि काय काय बंद केलं ते गिऱ्हाइकाला सांगायचं नाही. मी ते लाँच टाइप ॲडमिनमधनं परत ऑटो करून रिस्टार्ट मारला.

आणि दुसरी एरर. ०एक्ससी०३ए००१ए. पोरगी रडायच्या बेताला आली, मला उलट जरा बरं वाटलं, कारण ही एरर खोटं बोलत नाही, सरळ सांगते की व्हर्च्युअल डिस्कची फाइल कॉम्प्रेस केलेली, म्हणजे जागा वाचवायला आवळलेली, चालत नाही. तेव्हा कुठं डेस्कटॉपकडं नीट बघितलं तर प्रत्येक आयकॉनच्या कोपऱ्यात दोन निळे बाण. सगळा सी ड्राइव्हच कॉम्प्रेस.

मी काही बोलायच्या आत वडील म्हणाले, "सी लाल झाला होता, मग मीच त्यावर राइट क्लिक करून जागा वाचवायची टिक मारली. रातभर चालू होतं, सकाळी बघतोय तर निळा." डिस्क भरत आली की विंडोजमध्ये तिची पट्टी लाल होते, त्याबद्दल बोलत होते. असे खुशीत सांगत होते की विचारू नका.

आता टिक काढली की झालं असं वाटेल, पण तसं नसतंय. उबुंटूची ती फाइल खरी ४६ जीबीची, डिस्कवर आवळून २७ व्यापलेली, आणि सीमध्ये मोकळी जागा ८. पोतं सोडलं तर हळद ठेवायची कुठं, अशी गत. म्हणून आधी ती फाइल बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी केली. पेनड्राइव्ह उपयोगाचा नाही, त्यातले बरेच फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात, ४ जीबीच्या वरची एक फाइल घेत नाहीत. कॉपी पूर्ण झाल्याशिवाय मूळ फाइलीला हात लावायचा नाही, मग गिऱ्हाईक कितीबी घाई करू दे. नंतर बागेचे फोटो बाहेर काढले, हायबरनेशन बंद केलं, त्याची फाइल गेली, तेवढ्यावर जागा झाली, आणि मग कॉम्पॅक्ट कमांडने ती एकच फाइल सोडवली आणि तिच्या फोल्डरची टिक काढली. त्यात दोनदा चहा झाला. उबुंटू उघडला, पोरीने फायलींची यादी दाखवणारी एलएस कमांड मारली, फोल्डर जिथल्या तिथं. लगेच अख्खा उबुंटू एक्सपोर्ट करून त्याचा बॅकअप तिच्या हातात दिला.

पोरीला मी बाजूला घेऊन कारण सांगितलं. वडिलांना नाही सांगितलं. ते काउंटरवर पैसे मोजत होते, पोरीचं काम झालं म्हणून खूश होते, आणि तुम्ही मारलेल्या टिकमुळं पोरीचं वर्ष जात होतं असं तोंडावर म्हणायला जीभ उचलेना. पोरगीबी गप्प राहिली. बिलात "सॉफ्टवेअर दुरुस्ती" लिहिलं.

परवा वडिलांचा फोन. "दादा, सी परत लाल झालाय, मागच्यागत टिक मारू का?" मी जवळजवळ ओरडलोच, नको नको, फोटो तेवढे बाहेर घ्या. "का ओ, मागच्या टायमाला तर मस्त जागा झाली होती." म्हटलं समोर आल्यावर सांगतो. एसएसडी बदलून घ्यायला सोमवारी येतो म्हणालेत, पोरीला घेऊन. तिला विचारूनच बोलावं म्हणतोय.