तुम्ही विचारलंत म्हणून: सध्या काय ऐकताय?

‘सध्या कुठला अल्बम चालू आहे?’ जॅझवाल्यांच्या गप्पांत हा प्रश्न ‘जेवण झालं का’ इतक्या सहज येतो आणि उत्तरही तेवढंच छोटं हवं असतं. मी ‘एलिंग्टन ॲट न्यूपोर्ट’ म्हणतो, म्हणजे पियानोवादक आणि बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टनचा मैफलीचा अल्बम, आणि लगेच विचारतो, छप्पनचा की नव्याण्णवचा, म्हणजे १९५६ ची तबकडी की १९९९ चा सीडींचा संच? मग ऐकून घ्यावं लागतं: तुम्हाला सरळ सांगता येत नाही, तुम्ही संगीत ऐकत नाही, तबकड्या ऐकता, हा शिष्टपणा आहे. तर एकदा नीटच सांगतो.

७ जुलै १९५६, अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधला न्यूपोर्टचा जॅझ महोत्सव. एलिंग्टनचे तेव्हा पडते दिवस होते, ते सोडून देऊ. मध्यरात्रीच्या सुमाराला त्याने ‘डिमिन्यूएंडो अँड क्रेसेंडो इन ब्लू’ काढलं. रचना १९३७ ची, अठ्ठ्याहत्तरच्या (मिनिटाला ७८ फेरे मारणाऱ्या जुन्या) तबकडीच्या दोन बाजूंना दोन भाग. या दोन भागांमधली जागा टेनर सॅक्सोफोनवर पॉल गोन्साल्व्हिसने भरायची होती. (आडनाव ऐकून ‘गोव्याचा का?’ असं हमखास विचारतात. नाही. जन्म मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉकटनचा, घराणं केप व्हर्डेचं.) ब्लूजचं आवर्तन १२ बारांचं, म्हणजे ४८ मात्रांचं. गोन्साल्व्हिसने अशी २७ आवर्तनं सलग वाजवली. मागे जिमी वूडचा बास, सॅम वूडयार्डचे ड्रम्स, मध्येच एलिंग्टनचा पियानो, आणि लोक खुर्च्या सोडून उभे.

घोटाळा असा झाला की रंगमंचावर दोन वेगवेगळ्या यंत्रणांचे मायक्रोफोन होते, कोलंबिया कंपनीचे आणि व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओचे. गोन्साल्व्हिस उभा राहिला तो रेडिओच्या मायक्रोफोनसमोर. त्यामुळे कोलंबियाच्या टेपवर ड्रम्स पुढे, गर्दी पुढे, आणि ज्याच्यासाठी हा अल्बम ओळखला जातो ते वादन मात्र मागे, शेजारच्या खोलीतून आल्यासारखं. जगाने चाळीसहून अधिक वर्षं हे असंच ऐकलं.

बरं, एवढ्यावरच थांबत नाही. त्या रात्री वाजवलेला तीन भागांचा फेस्टिव्हल स्वीट (एकापाठोपाठ वाजवायच्या रचनांची मालिका) नीट बसलेला नव्हता. म्हणून दोनच दिवसांनी, ९ जुलैला, न्यूयॉर्कच्या स्टुडिओत तो पुन्हा वाजवून घेतला, त्यावर टाळ्या चढवल्या आणि मैफलीचं ध्वनिमुद्रण म्हणून विकला. १९५६ च्या तबकडीचा बराचसा भाग न्यूपोर्टचा नाहीच.

पुढे १९९६ मध्ये रेडिओची टेप लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडली. दोन्ही टेप मोनो, म्हणजे डावं-उजवं वेगळं नसलेल्या, पण मायक्रोफोन वेगळ्या जागी, म्हणून एक डावीकडे आणि एक उजवीकडे ठेवली की स्टिरिओ मिळतो. सांगायला सोपं आहे. दोन टेप मशीन कधीच तंतोतंत एका गतीने धावत नाहीत. एक किंचित पुढे गेलं की प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो. आणखी थोडं सरकलं की ठेकाच फुटतो. म्हणून एक टेप दुसरीशी तुकड्यातुकड्याने जुळवत न्यावी लागते. ते काम जॅझचे अभ्यासक फिल शॅप यांनी केलं आणि १९९९ मध्ये दोन सीडींचा संच आला. त्यात गोन्साल्व्हिस अखेर समोर येतो. स्वराची सुरुवात, ओठाखालच्या रीडची खरखर, सगळं स्पष्ट.

पूर्वी मी हिरिरीने म्हणायचो, सूर खरे आहेत ना, मग टाळ्या कुठल्या का असेनात. आज हेच कुणी म्हटलं की राग येतो. फसवणूक ती फसवणूक. पण स्टुडिओतला स्वीट लावला की ब्रासवाले एकत्र आत येतात, वाक्यं पूर्ण होतात, आणि न्यूपोर्टच्या रात्रीचा तोच स्वीट शेजारी ठेवला की तो चाचपडत चाललेला कळतो. मग खरा अल्बम कुठला? माझ्या जुन्या वाक्यातलं निम्मं अजून मला पटतं, आणि म्हणूनच मी साल विचारतो.

ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’चंही तेच. पहिली बाजू २ मार्च १९५९ ला झाली आणि त्या दिवशी मुख्य टेप मशीन किंचित हळू चाललं. हळू भरलेली टेप योग्य गतीने वाजवली की पळते, म्हणून ‘सो व्हॉट’, ‘फ्रेडी फ्रीलोडर’ आणि ‘ब्लू इन ग्रीन’ या तिन्हींचा सूर चढा लागतो. फरक टक्क्याहून थोडासाच जास्त, पण कानाला बोचणारा. शेजारचं राखीव मशीन बरोबर चाललं होतं. त्याच्या टेपवरून दुरुस्ती झाली ती थेट १९९२ मध्ये. दुसरी बाजू २२ एप्रिलची, तिला काही झालेलं नाही. तपासायचं असेल तर तानपुऱ्याचं ॲप डी वर लावा. ‘सो व्हॉट’ मुळात आपल्या काफी थाटाच्या स्वरांत आहे, सा म्हणजे डी. मधले आठ बार अख्खा थाट अर्ध्या स्वराने वर सरकतो, तेवढे सोडून ऐका. जुन्या प्रतीत बास तानपुऱ्याशी भांडतो.

मात्र अल्बमला दोष देण्याआधी आपल्या टर्नटेबलची थाळी योग्य गतीने फिरते का ते तपासा. त्यासाठी थाळीवर ठेवायची रेघांची स्ट्रोब डिस्क (गती बरोबर असली की दिव्याखाली रेघा स्थिर दिसतात) आपल्याकडे ५० हर्ट्झच्या विजेची लागते: मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या गतीला १८० रेघा. अमेरिकेहून आणलेली डिस्क ६० हर्ट्झची, २१६ रेघांची असते. ती आपल्या दिव्याखाली खोटं सांगते. एलईडीखाली रेघा बहुधा नीट दिसतच नाहीत, चोकवाली जुनी ट्यूब किंवा निऑनचा दिवा घ्या. आणि नातेवाइकांनी अमेरिकेहून पाठवलेला टर्नटेबल सिंक्रोनस मोटरचा (विजेच्या हर्ट्झवर गती ठरणारा) असेल तर ट्रान्सफॉर्मरने भागत नाही. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ तेच राहतात. थाळी मिनिटाला २७.८ फेरे मारते आणि सा खाली मंद्र धैवतावर जातो. मोटरची पुली बदलावी लागते किंवा फ्रीक्वेन्सी बदलणारं उपकरण लावावं लागतं. मोनो तबकडीला ॲम्प्लिफायरचं मोनो बटण दाबा, खाचेतला उभा खरखराट बराच कमी होतो. पावसाळ्यात बुरशीचे पांढरे ठिपके आले तर डिस्टिल्ड वॉटरने धुवा. अठ्ठ्याहत्तरच्या लाखेच्या तबकडीला स्पिरिट चुकूनही लावू नका, लाख विरघळते.

हे सगळं तुम्ही विचारलं नव्हतंत, कबूल. पण ‘कोल्ट्रेनचं व्हॅनगार्ड ऐकतोय, त्यातलं इंडिया काय सुंदर आहे’ असं कुणी सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमधल्या तबकडीबद्दल म्हणतं तेव्हा मी गप्प कसा बसू? १९६२ च्या त्या तबकडीवर तीनच रचना आहेत आणि ‘इंडिया’ त्यांत नाही. ती नोव्हेंबर १९६१ च्या त्याच मुक्कामातली, पण बाहेर आली १९६३ च्या ‘इम्प्रेशन्स’वर. ध्वनिमुद्रित झालेल्या सगळ्या रात्री एकत्र मिळाल्या त्या १९९७ च्या संचात. तुम्ही आणि मी एकच नाव घेऊन दोन वेगळ्या गोष्टींवर मान डोलवत असू, तर ती गप्पा कसली?

एक मान्य करतो. सुरुवात करणाऱ्याला हे ऐकवून मी घाबरवलं आहे. त्याला साल नको असतं, आज रात्री काय लावू एवढंच हवं असतं. त्याला मी हल्ली नव्याण्णवचा न्यूपोर्ट सांगतो आणि १९५६ बद्दल काही बोलत नाही. हे बरोबर आहे की नाही, याबाबत माझं मत महिन्या-महिन्याला बदलतं.

तर या आठवड्याचं उत्तर: ‘काइंड ऑफ ब्लू’ची फक्त दुसरी बाजू, आणि न्यूपोर्टचा स्वीट, दोन्ही रूपांत, पाठोपाठ. आधी स्टुडिओतला.