सतराव्या दिवसाचं दूध

माझं माहेर सांगलीचं, सासर दापोलीजवळचं. लग्नाच्या वेळी पत्रिका पाहिली, मानपान पाहिला, पण आजारपणात दुधात काय घालता, हे कुणी कुणाला विचारलं नाही. सांगलीत दुधात हळद पडते, आमच्या सासरी जायफळ. गेल्या पावसाळ्यात मला खोकला झाला आणि नेमक्या सासूबाई आमच्याकडे राहायला आलेल्या होत्या, म्हणून हे एकदाचं उघडकीला आलं.

पहिल्या रात्री मी सवयीने हळदीचं दूध केलं. लहानपणी पडलं, भिजलं, कणकण वाटली, परीक्षा जवळ आली, काहीही झालं की आई तेच पुढे करायची. आमच्या गावाला हळदीचा काय तोटा! हरिपूरला जमिनीत खोल पेवं खणून त्यांत हळद साठवायचे. २००५च्या महापुरात त्यांतल्या बऱ्याच पेवांत पाणी शिरलं, तेव्हा आमच्याकडची मोठी माणसं घरातलं कुणी गेल्यासारखी बोलत होती. तर आईची रीत अशी: कपभर दूध, अर्धा चमचा हळद, चिमूटभर मिरपूड, थेंबभर तूप. एक उकळी आली की गॅस बारीक. प्यायचं कढत, नाक न मुरडता. तळाशी राहिलेला पिवळा गाळसुद्धा बोटाने चाटायचा. "औषध खालीच बसतं गं," असं ती म्हणायची, आणि ते अगदीच खोटं नाही. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं.

सासूबाईंनी माझा पिवळा कप पाहिला आणि म्हणाल्या, "अगो, खोकल्यावर दूध? कफ होईल त्यानं."

मी कुठेतरी वाचलेलं ऐकवलं. ऑस्ट्रेलियात काही लोकांना मुद्दाम सर्दीचे विषाणू देऊन, त्यांनी दूध किती प्यायलं आणि नाक किती वाहिलं, हे चक्क वजन करून पाहिलं होतं. १९९०ची गोष्ट. दुधाने कफ वाढल्याचं काही दिसलं नाही.

"त्यांच्या गायी वेगळ्या," सासूबाई म्हणाल्या.

पाच दिवस झाले, खोकला जागच्या जागी. आईला फोन केला तर ती म्हणाली, "पी हळद नि हो गोरी, असं कुठे असतं का?" म्हणजे पुन्हा दोष माझ्याच उतावीळपणाचा. रात्री खोकून खोकून झोप उडालेली, तेव्हा मी हळदीचा हिशोब मांडायला बसले. १९९८ साली बंगळूरच्या संशोधकांनी दाखवलं होतं, की कर्क्युमिनसोबत मिऱ्यातलं पिपरीन दिलं तर ते शरीरात वीसपट शोषलं जातं. आईची चिमूटभर मिरपूड एकदम विज्ञानात गेली म्हणून मला भरून आलं. पण त्या प्रयोगात दिलेलं कर्क्युमिन होतं २ ग्रॅम. हळदीत ते असतं साधारण ३ टक्के. म्हणजे तेवढ्यासाठी एका बैठकीत साठ-सत्तर ग्रॅम हळद पोटात जायला हवी. इतकी हळद तर आमच्या लग्नात मला अंगालाही लागली नव्हती.

सहाव्या दिवशी मी स्वतःची अक्कल चालवली. कोमट दुधात आल्याचा रस पिळला आणि मोबाईल बघत बसले. पाच मिनिटांनी कपात चमचा घातला तर चमचा उभा. दूध नासलं नव्हतं, लागलं होतं. खरवसासारखं थरथरत होतं. कच्च्या आल्यातलं एक विकर (एन्झाइम) दुधातल्या प्रथिनांवर चालून जातं आणि दूध घट्ट होतं. चीनमध्ये ग्वांगडाँगकडे मुद्दाम असंच करून गोड पदार्थ म्हणून खातात. उकळीने त्या विकराचा जोर संपतो, म्हणून चहाला आलं आधी पाण्यात उकळायचं आणि दूध मागाहून. हे आपल्या बायकांना विकराचं नाव न कळता ठाऊक आहे. मला मात्र चाळीस वर्षं चहा करूनही नव्हतं. मग मुकाट्याने सुंठीवर आले. सुंठ-दूध, सुंठ-गूळ-तुपाची गोळी, वर ज्येष्ठमधाची कांडी चघळायला. सुंठेवाचून खोकला गेला, असं आपण म्हणतो. माझा सुंठेसकट राहिला.

दरम्यान एकदा खोकल्याची उबळ आली आणि हळदीचं दूध नवऱ्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडलं. मी साबण लावला तर डाग लालभडक. हळदीला क्षार लागला की ती लाल होते, कुंकू असंच करतात. मग सदरा तसाच उन्हात टाकला, ऊन हळदीचा रंग खातं. श्रावणातलं ऊन ते, त्याने दोन दिवस घेतले. या सगळ्या खटाटोपात तडकाफडकी बरा झाला तो एवढा सदरा.

चौदाव्या दिवशी सासूबाईंनी सूत्रं हाती घेतली. त्यांनी येताना आगरातली जायफळं आणलीच होती. सुपारीच्या सावलीत वाढलेलं झाड, फळ उकललं की आत लाल जायपत्रीची जाळी आणि जाळीत जायफळ. फळाच्या सालीचं लोणचं. हे सांगताना त्या हळूहळू सहाणेवर जायफळ फिरवत होत्या. मोजून सात वेढे, आठवा नाही. जास्त झालं तर छाती धडधडते, भलतंसलतं दिसायला लागतं. ही घरगुती भीती नाही, खरंच होतं तसं. म्हणून तर मोजायचं. कोमट दूध, चिमूट साखर. "झोप लागली की खोकला कशाला राहतोय!"

"पण दुधाने कफ होतो ना?" मी विचारलं.

"जायफळ घातलं की नाही होत."

मला झोप लागली, हे कबूल करायला हवं. सतराव्या रात्री दूध प्यायले, अठराव्या सकाळी उठले तर घसा मोकळा. सासूबाईंनी दापोलीला फोन करून कळवलं. माझ्या आईने सांगलीहून कळवलं, की हळद मुरायला वेळ लागतो, तो आता पुरा झाला.

मग मला तो आकडा सापडला. अमेरिकेतल्या एका पाहणीत लोकांना विचारलं, साधा खोकला किती दिवस टिकतो? उत्तर आलं, सात ते नऊ दिवस. प्रत्यक्षात तो सरासरी अठरा दिवस टिकतो. काही दिलं नाही तरी. कुरुक्षेत्रावरही अठराच दिवस लागले होते. भीष्मांनी दहा दिवस झुंजावं, द्रोणांनी पाच, कर्णाने दोन, आणि शेवटच्या सकाळी शल्याला सेनापती करावं, तसं झालं माझं. फरक एवढाच की माझ्या युद्धात जिंकल्याचा मान शल्याला मिळाला.

हे मी दोघींनाही सांगितलेलं नाही.

परवापासून नवरा खोकतोय. आईने सांगलीहून नवी हळद पाठवली आहे, सासूबाईंची सहाण ओट्यावर आली आहे. मी कॅलेंडरवर तारखेभोवती बारीक गोल केला आणि पुढचे दिवस मोजले. सतराव्या दिवशी मी त्याला माझं स्वतःचं असं एक दूध देणार आहे. त्यात काय घालायचं, ते अजून ठरलेलं नाही.